‘आफ्रिकन एम्परर’ म्हणून माळावरची इंगळी गळ्यात मारली, १८,३०० रुपये बुडाले

विंचू पाळणाऱ्यांनो, खास करून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनो, हे वाचा आणि मगच पैसे सोडा.

कोल्हापूरकडच्या एका विक्रेत्याने ‘ब्लॅक एम्परर, कागदपत्रांसकट’ म्हणजे आफ्रिकेतला मोठा काळा विंचू म्हणून मला विंचू विकला. विंचवाचे १४,०००, परिवेश या सरकारी पोर्टलवर विदेशी प्राण्याची नोंदणी करून देतो म्हणून २,५००, काचेच्या पेटीचे १,८००. सगळे यूपीआयवरून. नोंदणीचा आजतागायत पत्ता नाही. आणि विंचू निघाला इथलाच! ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी बघून सांगितलं, हा डेक्कनोमेट्रस, आपल्याच पठारावरचा.

मी डोळे झाकून पैसे टाकले नव्हते. शास्त्रीय नाव आधी विचारलं होतं. तो म्हणाला, “दादा, ती नावं सारखी बदलतात, त्यात पडू नका. एम्परर म्हणजे एम्परर.” तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता! पण नावं बदलतात हे खोटं नव्हतं. २०२० मध्ये हेटेरोमेट्रस या मोठ्या काळ्या विंचवांच्या प्रजातीची फोड होऊन आपल्याकडच्या कितीतरी जाती दुसऱ्या प्रजातींत गेल्या. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच पटलं. एम्पररचं शास्त्रीय नाव मात्र पँडिनस इम्परेटर, त्या फेरफारात त्याला हातही लागला नव्हता.

पेटी उघडली तर पाय पिवळट. विचारलं, तर “नुकती कात टाकलीय, होतील काळे.” अरे, कात टाकलेला विंचू अख्खा फिका असतो, अंग काळंकुळं आणि पाय तेवढे पिवळे असं नसतं! आठवलं की अजून डोकं भणभणतं. वर जांभळ्या टॉर्चखाली चमकवून दाखवला, म्हणे इम्पोर्टेडची खूण. अल्ट्राव्हायोलेट उजेडात गावातला विंचूही तसाच हिरवट चमकतो.

पावतीवर पूर्ण शास्त्रीय नाव लिहून देत नसेल तर उठून या. एम्परर १९९५ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, कागदाशिवाय तो इथं येऊच शकत नाही. कागद आधी बघा, पैसे मग.

आणि पोलीस! इकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे कोल्हापूरला गेले, तिकडं जा. तिकडचे म्हणतात, राहता कर्नाटकात, तिथंच तक्रार द्या. मराठीतला अर्ज परत केला, कन्नडमध्ये आणा. विंचवाला चौदा हजार म्हणून एक साहेब तोंडावर हसले. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, हे सांगितलं तर “कायदा आम्हाला शिकवू नका.” वनखात्यात गेलो तर उलट मलाच विचारलं, तुम्ही ठेवलाच कसा? चोर सोडून संन्याशाला फाशी! आम्ही सीमेवरच्या माणसांनी जायचं तरी कुठं?

फसलात तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. आणि कसलंही गोंडस इंग्रजी नाव सांगून कुणी लाल विंचू देत असेल तर चार हात लांब राहा. तो हॉटेंटोटा टॅम्युलस, जीव घेतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, म्हणून आज माणसं वाचतात.

त्या विक्रेत्याचा नंबर बंद आहे. फोटो मात्र तोच, पिवळ्या पायांचा, चिकोडीकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरतोय. किंमत आता १६,०००. त्याला पैसे दिलेले आणखी कुणी असाल तर यूपीआयच्या पावत्या काढून ठेवा, एकत्र तक्रार करू.