निफाडमध्ये बसून युरोपातले द्राक्षांचे भाव : पाच महिने प्रॉक्सी वापरल्यानंतर

निफाड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेबाचं आणि कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. सभासद बहुतेक द्राक्षवाले. माल निर्यातदारामार्फत युरोपात जातो. बागेत सौदा होताना एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, "तिकडं मार्केट पडलंय." ते खरंच पडलंय का, हे बघायला आमच्या हातात काही नव्हतं. म्हणून यंदा ठरवलं की नेदरलँड्स, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांच्या वेबसाइटवरून सीडलेस द्राक्षांच्या ५०० ग्रॅम पनेटचा (प्लॅस्टिकच्या छोट्या डब्याचा) भाव रोज उतरवून घ्यायचा. पानं वाचणारी स्क्रिप्ट मी पायथॉनमध्ये लिहिली.

पहिल्याच दिवशी अडलो. एका साइटनं आपल्याकडचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून देश कळतो) बघून ४०३, म्हणजे "प्रवेश नाही", असा एरर दाखवला, दुसरी उघडली पण भावाच्या जागी काहीच नाही. त्या त्या देशातला पत्ता वापरल्याशिवाय काम होणार नव्हतं, म्हणून डिसेंबरात प्रॉक्सी घेतली, म्हणजे आपली विनंती दुसरीकडच्या पत्त्यावरून साइटला पाठवणारी भाड्याची सेवा. एप्रिलअखेर हंगाम आटोपला, खरड छाटणी सुरू झाली, आणि आता निवांतपणे लिहितोय.

प्रॉक्सी ढोबळमानानं दोन प्रकारची मिळते. डेटासेंटरमधले, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपन्यांचे, पत्ते स्वस्त आणि वेगवान असतात, पण ते कुठल्या होस्टिंग कंपनीचे आहेत हे साइटला लगेच कळतं. रेसिडेन्शियल म्हणजे लोकांच्या घरच्या इंटरनेटचे पत्ते, आणि त्याचं बिल गिगाबाइटवर येतं. मी घाबरून सगळंच रेसिडेन्शियल घेतलं, तेही शहरानिशी : रॉटरडॅम, डसेलडॉर्फ, लंडन. रॉटरडॅम अशासाठी की आपले कंटेनर तिथंच उतरतात. शहर निवडायचे पैसे वेगळे होते आणि ते वाया गेले, हे आधीच सांगतो.

रॉटरडॅमचा म्हणून मिळालेला पत्ता मी दोन वेगळ्या आयपी डेटाबेसमध्ये तपासला. एकात रॉटरडॅम आलं, दुसऱ्यात अ‍ॅमस्टरडॅम. नोंदणी, नेटवर्कचा मार्ग, इंटरनेट कंपनीनं दिलेली माहिती, यावरून हे डेटाबेस अंदाज बांधतात. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहर मात्र चुकू शकतं. आणखी एक गोष्ट सुरुवातीला मला माहीत नव्हती. पत्त्याची नोंद बघताना काही ठिकाणी नुसतंच अ‍ॅमस्टरडॅम दिसतं. युरोपातले आयपी पत्ते वाटणारी राइप एनसीसी ही संस्था तिथं आहे म्हणून ते दिसतं, वापरणाऱ्याच्या घराशी त्याचा संबंध नसतो.

खरा प्रश्न पुढे होता. जर्मनीतल्या एका सुपरमार्केट साखळीच्या साइटवर भाव आयपीवरून ठरतच नाही. आधी पाच आकडी पिनकोड टाकायचा, मग दुकान निवडायचं, आणि मग त्या दुकानाचा भाव दिसतो. मी ४०२१० हा डसेलडॉर्फचा पिनकोड टाकत होतो. फेब्रुवारीत नऊ दिवस भाव जागचा हलला नाही. आमच्या मीटिंगमध्ये मी सांगूनही टाकलं की जर्मनीत बाजार स्थिर आहे. माझा मावसभाऊ डसेलडॉर्फला असतो. त्यानं दुकानात जाऊन फळांच्या खणावरच्या पट्टीचा फोटो पाठवला, तेव्हा कळलं की तिथं ऑफर लागून गेली होती आणि आमच्या तक्त्यात तिचा मागमूसही नव्हता.

कारण शोधायला दोन रात्री गेल्या. माझ्या प्रॉक्सीत दर विनंतीला पत्ता बदलत होता. पिनकोड टाकताना एक पत्ता, द्राक्षांचं पान उघडताना दुसरा. मधेच पत्ता बदलला की साइट निवडलेलं दुकान विसरायची आणि कुठल्या तरी ठरावीक दुकानाचा भाव दाखवायची. एरर नाही, रिकामं पान नाही, व्यवस्थित आकडा! बंद पडलेली स्क्रिप्ट परवडली, पण बरोबर दिसणारा चुकीचा आकडा फार महागात पडतो, कारण त्यावर माणसं भरवसा ठेवून सौदा करतात. पुढच्या मीटिंगमध्ये मी सभासदांची माफी मागितली आणि ते नऊ दिवस तक्त्यातून काढून टाकले.

उपाय साधा होता. एका दुकानाचं काम संपेपर्यंत एकच पत्ता धरून ठेवायचा, ज्याला स्टिकी सेशन म्हणतात. सेशनचं नाव प्रॉक्सीच्या लॉगिनच्या नावातच जोडून द्यायचं असतं, दहा मिनिटं पुरतात. शिवाय भाव वाचण्याआधी पानावर दुकानाचं नाव दिसतंय का ते स्क्रिप्ट तपासते. नाव जुळलं नाही तर ती ओळ रिकामी ठेवते.

हे कळल्यावर शहराचा प्लॅन बंद केला. देश प्रॉक्सीनं द्यायचा, गाव पिनकोडनं. मार्चमध्ये जर्मन पत्त्यावरून डच साइट उघडून बघितली, तीही उघडली. २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की दुसऱ्या सदस्य देशातल्या गिऱ्हाइकाला नुसत्या जागेवरून साइट बंद करायची नाही. त्यामुळे आता युरोपसाठी एकच देश घेतो आणि ब्रिटनचा वेगळा. दोन साइट तर डेटासेंटरच्या स्वस्त पत्त्यावरही चालतात. आधीच करून बघायला हवं होतं.

खर्चाचं म्हणाल तर फोटो हा सगळ्यात मोठा खादाड. रोज साठेक पानं, एकेक अडीच एमबीचं, म्हणजे महिन्याला साडेचार जीबी. फोटो आणि जाहिराती अडवल्यावर तेच काम एका जीबीच्या आत बसलं.

प्रॉक्सी घेताना एक प्रश्न नक्की विचारा : हे घरचे पत्ते आले कुठून? मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं. फुकट व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून, त्यांना नकळत, १ कोटी ९० लाख आयपी पत्ते भाड्यानं दिले जात होते. आमच्या पहिल्या पुरवठादाराला मी तीनदा विचारलं, सरळ उत्तर आलं नाही. जानेवारीत तो सोडला. आताचा महाग आहे, पण पत्त्याच्या मालकाची संमती कशी घेतली जाते ते लेखी देतो. शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून चाललेलं काम दुसऱ्या कुणाच्या घरात चोरून शिरून करायचं, हे मला पटत नाही.

साइटवाल्यांशीही तसंच वागतो. स्क्रिप्टनं कुठली पानं वाचायची नाहीत हे साइट जिथं सांगते ती रोबोट्स फाइल वाचतो, दोन पानांत वीस सेकंद थांबतो, लॉगिनच्या आत जात नाही. युरोपात डेटाबेसचा मोठा हिस्सा उचलण्याविरुद्ध १९९६ पासून वेगळा कायदा आहे. आम्ही द्राक्षांपलीकडे काही घेत नाही.

आता हाती काय आलं? दुकानातला भाव म्हणजे आपल्या बागेचा भाव नव्हे. मधे पॅकहाऊस, जहाजभाडं, आयातदार, साखळीचा नफा असं सगळं असतं. करही वेगळे. डच ९ टक्के, जर्मन ७ टक्के, ब्रिटनमध्ये ताज्या फळांवर शून्य. सारख्याच २.५० युरोच्या पनेटमधून कर वजा केला तर नेदरलँड्समध्ये साधारण २.२९ आणि जर्मनीत २.३४ युरो उरतात. ब्रिटनमध्ये तर सुपरमार्केटचं सभासद कार्ड असलेल्या गिऱ्हाइकाचा भाव वेगळा, दोन्ही रकाने ठेवावे लागले. मूळ देशाच्या जागी बऱ्याचदा "भारत, दक्षिण आफ्रिका, चिली" असं एकत्रच लिहिलेलं असतं, त्यामुळे खणात त्या दिवशी कुठला माल आहे हे प्रॉक्सीनं कळत नाही. तिथं मावसभावाचा फोटोच कामाला येतो.

तरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात "मार्केट पडलंय" हे वाक्य आलं, तेव्हा आमच्याकडे तीन देशांचा तीन आठवड्यांचा आलेख होता आणि त्यात पडझड दिसत नव्हती. बोलणं अर्धा तास जास्त चाललं, आवाज न चढता. दोन सभासदांचा सौदा आधीच्या आकड्यापेक्षा वर झाला.

युरोपचा प्लॅन मी चालू ठेवलाय. ऑक्टोबर छाटणीपर्यंत फक्त सोमवारी भाव उतरवणार, कारण आमच्या यादीतल्या बहुतेक साखळ्यांच्या ऑफर त्याच दिवशी बदलतात. डिसेंबरपासून पुन्हा रोज.