दीड वर्ष सोरोरिटीत: तेवीस टी-शर्ट आणि एक पंचवीस डॉलरचा दंड

गेल्या फेब्रुवारीत माझ्या खात्यावर पंचवीस डॉलरचा दंड चढला नसता, तर हे लिहायला मी बसलेच नसते. सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींचा ग्रीक अक्षरांच्या नावाचा क्लब; याहून जास्त सांगत नाही. सगळ्यांचे रील्स बघून झालेले असणार. माझी सव्वीस सोरोरिट्यांच्या नॅशनल पॅनहेलेनिक या संघटनेतली (स्थापना १९०२, हे पाठ करून घेतलं आहे), अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठातली. नाव सांगत नाही. अजून मेंबर आहे, आणि नाव सांगितल्यावर काय दंड असतो तेही मला ठाऊक आहे.

आधी खर्च. पहिल्या सेमिस्टरला बॅज आणि दीक्षाविधी धरून ७८० डॉलर, नंतर दर सेमिस्टरला ४६०, तेही सोरोरिटीच्या हाऊसमध्ये, म्हणजे मेंबरांच्या सामायिक घरात, न राहता. आईने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "एवढे पैसे मोजून मैत्रिणी घेतल्यास होय गं?" उत्तर नव्हतं. मी डायनिंग हॉलच्या भांड्यांवर तासाला अकरा डॉलरने काम करते, आणि एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर करता येत नाही. म्हणून मी सगळं तासांत मोजते. सवय वाईट आहे, पण जात नाही.

मग गेले कशाला? पहिलं वर्ष मी लॅब पार्टनर सोडून कोणाशी बोलले नव्हते. सांगलीत वर्गात पहिली येणारी मुलगी इथे हात वर करायच्या आधी वाक्य मनात तीनदा घोळवायची, तोवर विषय बदललेला असायचा. रूममेट म्हणाली, रिक्रूटमेंटला (सोरोरिट्या नव्या मुली निवडतात तिथे) चल, नाही आवडलं तर सोड.

ऑगस्टातले ते दिवस विसरणं शक्य नाही. दार उघडतं आणि आतून शंभर मुली एका सुरात ओरडतात. आमच्या गल्लीत दहीहंडीलाही एवढा आवाज नसतो. मग एक जण हात धरून आत नेते, चार मिनिटं बोलते, दुसरी येऊन ताबा घेते, तिसरी येते. मुलं, दारू, धर्म, राजकारण आणि पैसा हे पाच विषय काढायचे नाहीत असा दंडक. मला नेमकं एकच विचारायचं होतं, आणि ते पाचव्यात बसत होतं! शेवटी भांड्यांच्या मशीनबद्दल बोलत सुटले. दोन दिवसांत साठेक अनोळखी मुलींशी बोलून झालं. घसा बसला, पण वाक्य आधी मनात घोळवायची सवय तिथेच मोडली. एवढ्यासाठी एक स्टार.

फीचा कागद आधीच देतात, तक्रार नाही. त्यावर टी-शर्ट नसतात. बिड डेचा (निवड झाल्याचं आमंत्रण मिळतं तो दिवस) टी-शर्ट, बिग-लिट्लचा (नवीन मुलीला जुनी मेंबर "बिग" म्हणून मिळते तो), फॅमिली वीकेंडचा, देणगी गोळा करायच्या पॅनकेक रात्रीचा, आणि एक, शपथेवर सांगते, "टी-शर्ट डिझाइन समिती"चा. दीड वर्षात तेवीस. सरासरी बावीस डॉलर धरले तर ५०६. म्हणजे सेहेचाळीस तास भांडी. सगळे गुडघ्यापर्यंत येणारे, कारण खाली शॉर्ट्स दिसू नयेत अशी फॅशन. अक्षरं छापलेला टी-शर्ट मेंबरखेरीज कोणी घालायचा नसतो. आई सध्या त्यातल्या दोनांनी ओटा पुसते, आणि तिला हा नियम मी सांगितलेला नाही.

सहा महिन्यांनी लिहिलं असतं तर दोन स्टार देऊन मोकळी झाले असते. मग तो दंड.

रविवारी रात्री चॅप्टरची, म्हणजे आमच्या शाखेची, मीटिंग सक्तीची. गैरहजर राहायचं तर अठ्ठेचाळीस तास आधी फॉर्म, नाहीतर दंड. त्या रविवारी दुपारी एक मुलगी आजारी पडली म्हणून माझी शिफ्ट बदलली. आधी कळवणार कसं? स्टँडर्ड्स बोर्डापुढे, म्हणजे शिस्त बघणाऱ्या मेंबरांपुढे, गेले, मॅनेजरचा मेसेज दाखवला. तिघी गोड हसल्या आणि म्हणाल्या, नियमावलीत तसंच आहे. म्हटलं, मग नियमावली द्या. चौतीस पानं आली. लाँड्रीत कपडे वाळेपर्यंत वाचून काढली.

त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, आमची सोरोरिटी कागदोपत्री "फ्रॅटर्निटी" (एरवी मुलांच्या क्लबांना म्हणतात ते) आहे, कारण ती निघाली तेव्हा अशा क्लबांसाठी सोरोरिटी हा शब्द वापरात नव्हता; तो १८८२ साली सिरॅक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवला. दुसरी कामाची: दोन आठवडे आधी लेखी सूचना आणि दोन तृतीयांश मतं असली की कुठलंही कलम बदलता येतं. सभा रॉबर्टच्या नियमांनी चालते. हा हेन्री रॉबर्ट लष्करातला इंजिनिअर. एका चर्चच्या सभेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या शरमेपायी त्याने अभ्यास करून १८७६ साली नियमच लिहून काढले. मला हा माणूस फार जवळचा वाटला.

मार्चमध्ये उभी राहिले. शहाण्णव मुली, मागे मायक्रोवेव्हमध्ये कोणाचं तरी पॉपकॉर्न फुटतंय. "आय मूव्ह टू अमेंड" एवढं म्हटलं आणि पुढचं आठवेना. गुडघे खरंच थरथरत होते. मागून माझी बिग ओरडली, "सेकंड!" तीही कॅफेत काम करते. मग जमलं. ज्या आपलं शिक्षण स्वतः कमावून करतात त्यांच्याकडून दंड कशाला, असं काहीतरी बोलले. एकाहत्तर मतं पडली, चौसष्ट पुरली असती. सेक्रेटरीने इतिवृत्तात लिहायला माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. तोवर मी सगळ्यांची "मिनी" होते. पडद्यावर आठही इंग्रजी अक्षरं बरोबर उमटली: Mrunmayi, मृण्मयी. मी फोटो काढून ठेवलाय.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत खजिनदार झाले. एकशे अठरा जणींचा हिशेब, थकबाकीदारांना फोन, हप्ते बांधून देणं. फोनवर कोणी रडलं तर काय बोलावं, हे कुठल्या क्लासात शिकवतात? जानेवारीत टी-शर्ट बंद करायचा ठराव आणला, तो अकरा विरुद्ध ब्याऐंशी असा आपटला. आता निदान "नको" वर टिक करायची सोय आहे.

मेंबरशिप घ्यायचीच असेल तर: २०२४ च्या डिसेंबरातल्या केंद्रीय कायद्याने कॉलेजांना रॅगिंगचा, म्हणजे हेझिंगचा, अहवाल जाहीर करावा लागतो. तो आधी वाचा. बहुतेक सोरोरिटी हाऊसमध्ये दारूबंदी असते, पार्ट्या फ्रॅटर्निटीकडे. आयांनी काळजी तिकडची करावी. देशी सोरोरिट्याही आहेत, १९९८ पासून, पहिली ऑस्टिनला निघाली. आमच्याकडे नाही, नाहीतर कदाचित तिकडेच गेले असते आणि बटाटेवड्यांची देणगीरात्र केली असती.

साडेतीन स्टार. चार दिले असते, पण दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही, असं कलम मीच घालून घेतलं होतं, मतं पडावीत म्हणून. ते पंचवीस डॉलर गेले ते गेलेच. रोज हिशेबाचं पुस्तक उघडते तेव्हा माझ्याच नावापुढे दिसतात. परताव्याच्या चेकवर दोन सह्या लागतात, आणि दुसरी सही त्या तिघींतल्या एकीची आहे.