४८७० रुपयांत पुन्हा उभा केलेला पत्र्याचा कूलर: ताट्या, हनीकॉम्ब आणि एक झटका

होळीचा रंग कानामागून निघायच्या आत नागपुरात कूलरवरचं प्लास्टिक निघतं. यंदा आमचं निघालं नाही. दहावीच्या पेपरांचे गठ्ठे, शाळेतल्या परीक्षा, नात्यातली दोन लग्नं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ४२ ला टेकला, तेव्हा कुठे मी हॉलच्या खिडकीबाहेरच्या स्टँडवरचा कूलर उघडला. २००९ साली घेतलेला, १८ इंची पंख्याचा, इकडे ज्याला जंगली कूलर म्हणतात तो. टबात हात घातला तर बोटं खालून बाहेर आली.

घरात लगेच तीन पक्ष झाले. नवऱ्याचं म्हणणं, भंगारात द्या आणि तेरा हजारांचा प्लास्टिकचा नवा आणा. मुलीचं म्हणणं एसी. सासूबाईंचं म्हणणं, पत्र्याच्या कूलरसारखी हवा दुसऱ्या कशाला नाही. मी हिशेब मांडला. आमचा कूलर साधारण दोनशे वॅट खातो, म्हणजे दहा तासांचे दोन युनिट. दीड टनाचा एसी तासाभरातच एक-दीड युनिट ओढतो. शिवाय एसीला दारंखिडक्या बंद लागतात आणि आमच्या घरात दार बंद ठेवणं अजून कोणालाच जमलेलं नाही. कूलरचं उलट आहे. समोरची खिडकी उघडी असल्याशिवाय तो चालतच नाही. सासूबाई जिंकल्या.

आधी टब. मानेवाड्याच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे हातगाडीवरून कूलर नेला. त्याने बोटाच्या गाठीने चारही बाजू ठोकून पाहिल्या. "बॉडी मस्त हाय ताई, खालचंच सडलं. नवा पत्रा मारून देतो, पोराच्या लग्नापर्यंत चालीन." १४०० रुपये ठरले. दोन दिवस म्हणाला, सहा लागले. सीझनमध्ये ते चालायचंच, त्याच्या दुकानापुढे वीसेक कूलर रांगेत उभे होते. काम मात्र देखणं. वेल्डिंगची रेघ सरळ, कुठे भोक नाही, टबाला एका कोपऱ्याकडे हलका उतार, आणि मी मागितलेली पाणी काढायची तोटी त्याच कोपऱ्यात, अगदी तळाशी. आमच्या जुन्या टबाची तोटी तळापासून दोन बोटं वर होती. म्हणजे तोटी सोडली तरी दोन बोटं गाळपाणी कायम तळाला. टब कुजला तो तिथेच. नवा टब करवून घेणार असाल तर ही एक गोष्ट उभं राहून सांगा.

पत्र्याच्या कामाला पाचपैकी साडेचार. आता वायरिंगचं.

पंप आणि मोटर बसवायचं कामही त्याच्याचकडे दिलं होतं. कूलर घरी आला, स्टँडवर चढला, पाणी भरलं, बटण दाबलं, वारा आला, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या हाताने जाळीला हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर लाल. पत्र्याला लावा, जाळीला लावा, तोटीला लावा, सगळीकडे लाल. पिन उघडून पाहिली. वायर तीन तारांची, पण अर्थिंगची हिरवी तार मुळाशी कापून आत दुमडलेली आणि वर दोन पिनांचा टॉप, म्हणजे प्लग. फोन केला तर म्हणाला, "सारे असंच लावतात जी, काही नाही होत."

काही नाही होत कसं? विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पेपरात बातमी येते, आपण पान उलटतो. माझ्या घरी आठ वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला जाळीत पेन्सिल घालून टर्र आवाज काढायची सवय आहे. त्याच दिवशी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मोटरच्या वायरीला पडलेली चीर दाखवली (पत्र्याच्या धारेवर घासून पडलेली), नवी तीन तारांची वायर टाकली, हिरवी तार बॉडीला बोल्टने कसली आणि घरातल्या प्लगला खरोखर अर्थिंग येतं की नाही तेही तपासलं. वायरीसकट ४२० रुपये. वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (बोर्डावर बसणारा सुरक्षा-स्विच) बसवून घ्या असंही सांगून गेला. ते काम पुढच्या पगारावर आहे. तोवर घरात नियम असा की प्लग काढल्याशिवाय कोणी पाणी भरायचं नाही, आणि नियम मोडला की त्या दिवशीची आइसक्रीम सासूबाईंना.

वायरिंगला शून्य. अर्धा गुणसुद्धा नाही.

रंगकाम मुलांच्या सुट्टीत ढकललं. सुट्टीत काय करायचं हा प्रश्न रोज सकाळी नऊला उभा राहतो, त्याचं उत्तर चार दिवस मिळालं. घासपेपरने गंज काढणं मुलाचं. त्याला दिवसाला एकच बाजू दिली, नाहीतर अर्ध्या तासात सोडून पळतो. मग रेड ऑक्साइड, त्यावर इनॅमलचे दोन हात. रंग मुलीने निवडला, मोरपंखी. आख्ख्या गल्लीत तसला कूलर नाही. टबाच्या आतून मी स्वतः काळं डांबर दिलं आणि दोन दिवस उन्हात वाळवलं, तरी पहिले तीन दिवस घरात रस्ता नवा झाल्याचा वास होता. रंग, प्राइमर, डांबर, ब्रश मिळून ५६०.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कूलरच्या बाजूंना लावून ओल्या ठेवायच्या त्या ताट्या, की कागदाच्या जाळीचे हनीकॉम्ब पॅड?

हनीकॉम्ब पॅड आमच्या मापाचे दुकानात नव्हते, "पंधरा दिवस लागतीन" म्हणाले. म्हणून आधी नेहमीच्या लाकडी भुशाच्या ताट्या लावल्या, तीन बाजूंच्या २७० रुपये. पुढे पॅड आले, १६५०. त्यामुळे एकाच कूलरवर, एकाच मे महिन्यात दोन्ही पाहायला मिळाले. मुलीला शाळेचा उन्हाळी प्रकल्प हवा होता. १९० रुपयांचा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणला आणि तिने दुपारी तीनला वहीत नोंदी सुरू केल्या. बाहेर सावलीत ४४, आर्द्रता १५ टक्के असताना ताट्यांच्या कूलरच्या तोंडाशी २९ होतं. हनीकॉम्ब लावल्यावर जवळपास तशाच दुपारी २७. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि कागदाच्या त्या जाळीदार घड्यांत हवेला ओला पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून हा फरक. दोन अंश वाचायला किरकोळ वाटतात. दुपारी तीन वाजता उघड्या पाठीवर किरकोळ नाहीत.

पण हनीकॉम्बची तारीफ एवढ्यावर थांबवते, कारण दुकानदार ज्या गोष्टी सांगत नाहीत त्या बऱ्याच निघाल्या. पॅड जाड असतात, कूलरच्या बाजूंच्या जुन्या चौकटीत बसत नाहीत. वेल्डरकडून पट्ट्या वाकवून घ्याव्या लागल्या (त्याने पैसे घेतले नाहीत, बहुधा शॉकची लाज). त्यांना पाणी जास्त लागतं. जुना पंप वरपर्यंत पोचेना, पॅडचा वरचा कोपरा कोरडा आणि तिथून गरम झळ आत. मोठा पंप घेतला, ३८०. तरीही एक बाजू कोरडीच. मग पाण्याची वरची नळी काढून पाहिली. एका बाजूला चौदा भोकं, त्यातली नऊ क्षाराने बुजलेली. सासूबाईंनी गोधडी शिवायची सुई काढली आणि अंगणात बसून एकेक भोक मोकळं केलं. प्रत्येक भोकातून खडूसारखी पांढरी काडी बाहेर यायची, मुलगा ती ओट्यावर ओळीने मांडत होता. आमच्या बोअरचं पाणी काय चीज आहे हे पंधरा वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

पैशाचं म्हणाल तर हनीकॉम्ब स्वस्त पडतात हे खरं नाही. दुकानदार तीन सीझनची खात्री देतो, म्हणजे वर्षाला ५५०. ताट्या आमच्या पाण्यात मेच्या मध्यावर खाली बसतात आणि वर मोकळी फट पडते, म्हणून सीझनमध्ये दोनदा बदलाव्या लागतात, ५४०. बरोबरीतच सुटतं. ज्यांच्याकडे नळाचं गोडं पाणी आहे आणि एकदाच बदलून भागतं, त्यांनी खुशाल ताट्याच लावाव्यात. आम्हाला हनीकॉम्ब परवडले ते या दोन अंशांमुळे, आणि घरभर उडणारा लाकडाचा भुसा बंद झाला म्हणून. धुताना मात्र जपून. मी उत्साहात पाइपची जोराची धार मारली आणि एका पॅडच्या कडेचा कागद लोण्यासारखा सुटला. हळू धार, मऊ ब्रश, आणि सीझन संपला की पूर्ण वाळवून ठेवणे.

सासूबाईंना दोन्ही पसंत नाहीत. त्यांचं एकच, "वाळ्याच्या ताट्या काहून नाही आणल्या?" वाळ्याचा सुगंध मलाही हवा होता, पण भाव ऐकून परत फिरले. तोड अशी निघाली की वाळ्याची एक जुडी सुती कापडात बांधून टबात सोडली. आठवडाभर घराला पहिल्या पावसाचा वास येतो, मग जुडी बदलायची. दुसरी माठात. सासूबाई आता काही म्हणत नाहीत.

उतरवलेल्या ताट्या फेकल्या नाहीत. बादलीत दोनदा भिजवून क्षार काढला, वाळवल्या, जाळी सोडवून आतला भुसा कुंड्यांत मातीवर दोन बोटं जाड पसरला. कढीपत्ता आणि पुदिन्याला आधी सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं, ते एका वेळेवर आलं. या उन्हाळ्यातली सगळ्यात फुकट आणि सगळ्यात जमलेली गोष्ट हीच.

सगळ्यात फसलेलीही बागेतलीच. कूलरचं पाणी दर रविवारी पूर्ण काढतो. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, त्याला तेवढी मुदत द्यायची नाही. ते काढलेलं पाणी वाया कशाला, म्हणून तोटीला पाइप लावून थेट मोगऱ्याच्या वाफ्यात सोडला. तीन आठवड्यांत पानांच्या कडा विडीने चटका दिल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि कळ्या न उमलता गळायला लागल्या. चूक माझीच. वाफ होऊन उडतं ते पाणी, क्षार टबातच राहतो, वर आपण रोज नवं बोअरचं पाणी ओततो. रविवारपर्यंत तिथे मिठाचं पाणीच तयार झालेलं असतं. आता तो पाइप बोगनवेलीकडे वळवलाय, तिला फरक पडलेला नाही. अंगण धुवायलाही तेच. मोगऱ्याला चार-पाच दिवस माठाखालचं आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, नवी फूट आली आहे. तुळशीला मी ते पाणी घातलं नव्हतं, पण ते भक्तीमुळे, अकलेमुळे नाही.

आणि हो, हा सगळा खटाटोप कोरड्या उन्हापुरता. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपून जूनमध्ये ढग आले, मीटरवर आर्द्रता ६० दिसली, त्या दिवशी बाहेर ३६ आणि कूलरच्या तोंडाशी ३०-३१. अंगाला चिकचिक, वह्यांची पानं सादळलेली, पापडाचा डबा मऊ. त्या दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांनी माझं वाचून कूलर घेऊ नये, त्यांच्या हवेत तो पैसे आणि पाणी दोन्ही खाईल. पाण्याचं सांगायचं तर भर मेमध्ये आमचा रोज चार बादल्या पितो. ज्यांच्या नळाला दिवसाआड पाणी आहे त्यांनी तेही मोजून घ्यावं.

एकूण खर्च: टब १४००, ताट्या २७०, हनीकॉम्ब १६५०, पंप ३८०, रंग ५६०, इलेक्ट्रिशियन ४२०, मीटर १९०. झाले ४८७०. नवऱ्याने नव्या कूलरच्या तेरा हजारांतून उरलेल्या आठ हजारांत काय येईल याची यादी केली आहे. यादीत पहिला नंबर आरसीसीबीचा असेल असं वाटलं होतं, तो चौथा आहे. पहिल्या नंबरवर काय आहे ते मी इथे लिहीत नाही, पण त्याला रिमोट आहे.