पायथॉन चालत नाही: आहे तो दुरुस्त करावा, पुसून परत घालावा की दुसराच आणावा?

‘पायथॉन चालत नाही’ अशी तक्रार असलेल्या लॅपटॉपवर बहुधा पायथॉनची, म्हणजे या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची, उणीव नसते, गर्दी असते. एक शाळेत सरांनी घालून दिलेला, एक व्हिडिओ बघून घातलेला ॲनाकोंडा (पायथॉन आणि त्याचं बरंच सामान एकत्र देणारा संच), एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेला. फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलगी असो की पणजीच्या एखाद्या कचेरीत एक्सेलला कंटाळून पायथॉन शिकणारे गृहस्थ, दोघांनाही पहिला सल्ला मिळतो तो ‘सगळं काढ आणि नव्यानं घाल’ हाच. माझं मत उलट आहे. आधी कोणता पायथॉन उत्तर देतोय ते पाहा, मग पुसायचं की ठेवायचं ते ठरवा.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडून ‘व्हेअर पायथॉन’ (where python) टाइप करा. पॉवरशेल या तशाच दुसऱ्या खिडकीत नको, तिथे ‘व्हेअर’ ही वेगळीच कमांड आहे, पडद्यावर काहीच उमटत नाही आणि माणूस समजतो की पायथॉन गायब झाला. कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र सापडलेल्या पायथॉनांचे पत्ते एकाखाली एक दिसतात. त्यातला सगळ्यात वरचा चालतो, बाकीचे नुसते बसून असतात. वर ‘विंडोजॲप्स’ फोल्डर असेल आणि तुम्ही स्टोअरमधून काही घेतलेलंच नसेल, तर तो पायथॉन नव्हेच. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० तिथे शून्य बाइटची फाइल ठेवतं. तिचं काम तुम्हाला स्टोअरच्या दारात नेऊन सोडणं एवढंच. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन अलायसेस’ शोधून पायथॉनची दोन्ही बटणं बंद केली की ती वाटेतून जाते. यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही, काही पुसावंही लागत नाही.

दुरुस्ती आणि पुनर्स्थापना यांच्यातला खरा फरक इथेच कळतो. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये ‘ॲड पायथॉन टू पाथ’ हा चौकोन मुळात रिकामा असतो. पाथ म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतं त्यांची यादी. घाईत तो राहून जातो आणि ‘पायथॉन इज नॉट रेकग्नाइझ्ड’ असं उत्तर येतं. त्यासाठी पायथॉन काढून टाकायचं कारण नाही. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत पायथॉनवर ‘मॉडिफाय’ करा, पुढच्या पानावर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचा (पाथही त्यातलाच) चौकोन भरा आणि उघडी असलेली टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ दिसत नाही, ही साधी गोष्ट लोकांचे तास खाते.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे पिप (पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे संच, आणून देणारा प्रोग्रॅम) ‘आधीच घातलेलं आहे’ म्हणतो आणि पायथॉन ‘असं मॉड्यूलच नाही’ म्हणतो. सीबीएसईच्या बारावीत मायएसक्यूएल हा डेटाबेस पायथॉनला जोडताना हमखास हे होतं. पिप एका पायथॉनचा असतो, चालतो दुसराच. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल’ (python -m pip install) लिहिलं की ज्याला हवं त्यालाच मिळतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये तरीही अडलं तर उजव्या कोपऱ्यात खाली आवृत्तीच्या आकड्यावर क्लिक करून योग्य इंटरप्रिटर, म्हणजे योग्य पायथॉन, निवडा. आणि आपल्याच फाइलला ‘रँडम’ किंवा ‘नमपाय’ असं एखाद्या मॉड्यूलचंच नाव दिलेलं नाही ना, तेही बघा; पायथॉन आधी तीच उघडतो.

पुसून नव्यानं घालायची बाजूही मांडायला हवी. ३२ बिटचा पायथॉन बसला असेल तर टेन्सरफ्लोसारखी मशीन लर्निंगची पॅकेजं त्यावर येतच नाहीत. तिथे दुरुस्तीत वेळ घालवू नये. पण काढताना दोन गोष्टी अडतात. अनइन्स्टॉल केल्यावरही पिपनं आणलेली पॅकेजं फोल्डरात पडून राहतात आणि तीच आवृत्ती परत घातली की जुना घोळ जसाच्या तसा परततो. शिवाय त्या पायथॉनवर उभी केलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रकल्पापुरती पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) निकामी होते, कारण तिच्यात जुना पत्ता पक्का लिहिलेला असतो. म्हणून काढण्यापूर्वी ‘पिप फ्रीझ’नं (pip freeze) पॅकेजांची यादी फाइलमध्ये उतरवून घ्या, मग अनइन्स्टॉल, मग उरलेलं फोल्डर हातानं काढणं, या क्रमानं जा.

आता नवाच आणायचा ठरला तर कुठला? इथे गोव्यातला पाऊस आणि नेटवर्क हिशोबात धरावेच लागतात. वाळपईच्या पलीकडच्या गावात जुलैमध्ये लाईट गेली की राऊटर गेला. १ जीबीचं डाउनलोड अर्ध्यावर राहतं.

अधिकृत इन्स्टॉलर २५ ते ३० एमबीचा आहे, फोनच्या हॉटस्पॉटवरही उतरतो. शिकणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. सोबत ‘पाय’ (py) हा लाँचर, म्हणजे हवा तो पायथॉन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, येतो. ‘पाय -०’ (py -0) लिहिलं की बसवलेल्या आवृत्त्या दिसतात आणि ‘पाय -३.१२’ (py -3.12) लिहून हवी ती चालवता येते. सगळ्यात नवी आवृत्ती मात्र लगेच घेऊ नका. नव्या आवृत्तीसाठी काही पॅकेजांचे तयार गठ्ठे निघालेले नसतात, मग पिप ते तुमच्याच लॅपटॉपवर बांधायला बसतो आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ हवं’ म्हणून थांबतो. एक पायरी मागे राहिलेलं बरं.

स्टोअरमधला पायथॉन एका क्लिकवर येतो आणि पाथचा त्रास देत नाही. पण तो काहीसा कोंडलेला असतो: रजिस्ट्रीतले आणि ॲपडेटातले (विंडोज सेटिंग्ज आणि ॲपच्या फाइली ठेवतं त्या जागांतले) त्याचे बदल त्याच्यापुरतेच राहतात, आणि फाइल कुठे गेली ते शोधत बसावं लागतं. शाळकरी वापरापुरता ठीक.

ॲनाकोंडा हा सगळं भरून पाठवलेला पेटारा. इन्स्टॉलरच सुमारे १ जीबीचा, डिस्कवर उलगडल्यावर कित्येक पटींनी मोठा. डेटा सायन्सचा कोर्स असेल आणि सर ब्राउझरमध्ये कोड चालवणाऱ्या ज्युपिटर नोटबुकातूनच शिकवत असतील तर त्याचं धाकटं भावंड मिनिकोंडा घ्या. १०० एमबीच्या आसपासचं असतं आणि लागेल तेवढंच आणता येतं. ते पाथमध्ये घालू नका, त्याचा स्वतःचा प्रॉम्प्ट वापरा. अधिकृत पायथॉनशी भांडण तिथेच लागतं. विंडोजमधलं तुमचं नाव देवनागरीत असेल किंवा मध्ये रिकामी जागा असेल तर मिनिकोंडा ‘सी’ ड्राइव्हवर साध्या रोमन नावाच्या फोल्डरात बसवा. मोठ्या कंपनीत नोकरीला असाल तर ॲनाकोंडाचा परवाना एकदा वाचा: २०० हून जास्त माणसांच्या कंपनीला पैसे भरावे लागतात.

‘यूव्ही’ हे ॲस्ट्रल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं साधन. ते पायथॉनही आणतं, एन्व्हायर्न्मेंटही बनवतं आणि पिपहून खूप वेगानं काम उरकतं. ज्याला दोन-तीन प्रकल्प वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ठेवायचे आहेत त्यानं हेच घ्यावं. नवशिक्याला मात्र कॉलेजच्या जर्नलमधल्या पिपच्या सूचना आणि यूव्हीच्या कमांड यांचा मेळ घालताना घाम फुटेल.

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटात उबंटू हे लिनक्स, हा शेवटचा पर्याय. टेन्सरफ्लोनं २.१० नंतर विंडोजवर थेट जीपीयू वापरणं सोडलं, त्यामुळे टेन्सरफ्लोसाठी जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्ड, वापरायचं असेल तर हीच वाट आहे. बाकीच्यांनी उगाच जाऊ नये. उबंटू २४.०४ वर पहिलंच ‘पिप इन्स्टॉल’ ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडतं आणि आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करावी लागते.

घरी जुना, विंडोज ७ चाच लॅपटॉप असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा: त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, आणि तिला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

ज्यांच्याकडे नेट बेभरवशाचं आहे त्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पणजीतल्या मित्राच्या घरी ‘पिप डाउनलोड’नं (pip download) पॅकेजं पेनड्राइव्हवर उतरवून आणावीत. घरी ‘पिप इन्स्टॉल’ला ‘नो इंडेक्स’ (--no-index) आणि ‘फाइंड लिंक्स’ (--find-links) हे दोन पर्याय जोडले की नेट नसतानाही ती बसतात. फक्त लॅबमधला पायथॉन आणि घरचा, दोन्हींची आवृत्ती आणि बिट (३२ की ६४) एकच असायला हवेत, नाहीतर पेनड्राइव्हवरचं अर्धं सामान तसंच पडून राहील.