इंटरनेट फोनचा व्हॉइसमेल बाहेरून ऐकायची सोय : सोय झकास, डीफॉल्ट सेटिंग बेकार

घरच्या इंटरनेट फोनला व्हॉइसमेल फुकट मिळतो म्हणून बरेच जण तो चालू करतात आणि मग फक्त घरी आल्यावर रिसीव्हर उचलून तुटक डायल टोन ऐकू आला की निरोप आलाय एवढंच त्यांना कळतं. खरा उपयोग आहे तो बाहेरून ऐकण्यात, आणि आमच्या सर्व्हिसमध्ये ती सोय आहे पण वेबसाइटवरच्या मेनूत इतक्या आत दडवलीय की शोधून काढावी लागते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यातलं बरंचसं इतर कंपन्यांनाही लागू आहे.

पद्धत सोपी आहे. मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावायचा, कोणी उचलला नाही की आपलंच ग्रीटिंग सुरू होतं, ते चालू असतानाच स्टार दाबायचं (काही ठिकाणी हॅश असतं), मग पिन टाकायचा की झालं, निरोप ऐका, पुसा, ठेवा. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मेलबॉक्स कंपनीच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे घरची लाइट गेली, राउटर बंद पडला तरी फोन करणाऱ्याला व्हॉइसमेल लागतो आणि आपल्याला बाहेरून ऐकताही येतो. जुन्या आन्सरिंग मशीनला हे कुठलं जमायला!

पण एक भानगड आहे. कॉर्डलेस फोनच्या बेसमध्ये स्वतःचं आन्सरिंग मशीन असेल आणि ते आधी उचलत असेल तर निरोप त्यात जाऊन बसतो आणि सर्व्हरवरचा मेलबॉक्स रिकामाच. मशीन बंद करून टाका, नाहीतर व्हॉइसमेल किती सेकंदांनी उचलायचा ते कमी करा. आमच्याकडे २० सेकंद ठेवलंय, फार कमी केलं तर घरातल्या माणसाला फोनपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही.

पिन दाबूनही तिकडची बाई "चुकीचा पिन" म्हणत असेल तर लगेच पिनवर संशय घेऊ नका. मोबाइलवरून सहसा काही होत नाही, पण बाहेरूनसुद्धा इंटरनेट फोनच्याच ॲपवरून लावत असाल तर बटणांचे टोन आवाजातूनच जातात आणि जी.७२९ सारख्या, आवाज आकसून पाठवणाऱ्या कोडेकमध्ये (आवाजाचं डिजिटल रूप करायची पद्धत) त्यांची पार वाट लागते. ॲपच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ (म्हणजे बटणांचे टोन) म्हणून पर्याय असतो, तिथे आरएफसी २८३३ नावाची पद्धत निवडायची, मग टोन आवाजात न मिसळता वेगळे जातात. कस्टमर केअरला हे विचारलं तर राउटर रीस्टार्ट करा म्हणाले, म्हणजे काय बोलणार.

आता पिनबद्दल, आणि इथे मी सर्व्हिसचे मार्क कापतोय. सुरुवातीचा पिन म्हणजे नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि तो बदला असं कोणी सांगत नाही. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड हे अख्खं वर्तमानपत्र बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात, आणि त्यात न बदललेले डीफॉल्ट पिन हा एक सोपा रस्ता होता. इतकं होऊनही चार आकडे द्यायचे म्हणजे कमाल आहे. स्वतःच्या नंबरवरून फोन आला तर पिन विचारू नको, असाही एक पर्याय असतो, तो अजिबात चालू ठेवू नका कारण समोर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. आणि मेलबॉक्समधून थेट बाहेर फोन लावायची सोय असेल तर तीही बंद करा, कोणी आत शिरलं तर तुमच्या खर्चाने परदेशात फोन लावत बसेल.

खरं सांगायचं तर मी आता फोन लावून क्वचितच ऐकतो कारण निरोप ऑडिओ फाइल म्हणून ईमेलवर येतो. साध्या वॅव्ह फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, जीएसएमवाला (आवाज आकसून फाइल लहान करणारा) पर्याय दिला तर त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं, आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा वाटतो पण बोलणं कळतं. ज्यांनी घरीच ॲस्टेरिस्क (स्वतःचं फोन एक्स्चेंज चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) बसवलंय त्यांनाही फाइलचे हे दोन्ही पर्याय मिळतात. फक्त "मेल पाठवल्यावर निरोप पुसा" हे टिक करू नका, नाहीतर बाहेरून फोन लावाल तेव्हा मेलबॉक्समध्ये काहीच सापडणार नाही.

निरोपाचं लिखित रूप देणारं फीचरपण दिलंय. मराठी बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं, काकूंच्या साध्या निरोपाचं इंग्रजीत काहीतरी भलतंच छापून आलं. ते मी बंद करून टाकलं, मेलमध्ये नंबर, वेळ आणि ऑडिओ आला की बास. पाचातले साडेतीन.