बागेचे तयार आराखडे आणि डिझाईन अ‍ॅप: चित्र नको, तक्ता बघा

लागवडीचा तयार आराखडा पैसे देऊन घेण्याजोगा आहे की नाही, हे त्यातल्या झाडांच्या तक्त्यावरून ठरतं. तक्त्यात प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव, पूर्ण वाढ झाल्यावरचा घेर (म्हणजे पसाऱ्याची रुंदी), दोन रोपांमधलं अंतर, उन्हाची गरज आणि रोपांची संख्या हवी. घेर किंवा अंतर दिलेलं नसेल तर आराखडा कितीही देखणा असो, घेऊ नका.

बाग पहिल्याच दिवशी भरलेली दिसावी म्हणून पुष्कळ आराखड्यांत रोपं दाट दाखवतात. ते पडताळायला वाफ्याच्या क्षेत्रफळाला अंतराच्या वर्गाने भागा. ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद वाफ्यात ४५ सेंमी अंतराने १८ रोपं बसतात. आराखडा ४० सांगत असेल तर त्याने अंतर ३० सेंमी धरलंय. ४५ सेंमी घेराची झुडपं तिथे लवकरच एकमेकांत घुसतात, आत हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. मग निम्मी रोपं उपटायची आणि उरलेल्यांची मुळं दुखवायची. त्रिकोणी मांडणी (शेजारच्या ओळीतली रोपं एकाआड एक सरकवलेली) असेल तर संख्या साधारण १५ टक्के जास्त चालते, त्याहून जास्त नाही.

फोटोंचे संग्रह आणि एआयने काढलेली चित्रं वाटेचं वळण, बसायची जागा, उंच-बुटक्या झाडांचे थर सुचायला फार छान. झाडांची यादी मात्र तिथून उचलू नये. लव्हेंडर आणि हायड्रेंजिया एकाच वाफ्यात बहरलेली दिसतात. प्रत्यक्षात लव्हेंडरला कोरडी, निचऱ्याची जमीन लागते, तर हायड्रेंजियाला सतत ओल. एकाला जपाल तर दुसरं जाईल.

अ‍ॅप मापं घेऊन नकाशा काढायला खरंच उपयोगी आहेत, आणि तेवढ्यासाठी फुकटातलं पुरतं. सावली दाखवायची सोय असेल तर आधी उत्तर दिशा नीट लावा, शेजारची भिंत आणि मोठं झाड उंचीसकट भरा. सावली उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळी पडते, म्हणून दोन्ही ऋतूंची तपासा. ‘भरपूर ऊन’ म्हणजे दिवसाला किमान ६ तास थेट ऊन.

छपाईत एक घोळ हमखास होतो. १:५० प्रमाणाचा नकाशा प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायाने थोडा लहान करतो आणि सगळी मापं चुकतात. मूळ आकारातच छापा आणि नकाशावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने मोजा: २ सेंमी म्हणजे १ मीटर. मोजपट्टीच छापलेली नसेल तर तो आराखडा जमिनीवर आखायच्या कामाचा नाही.

पैसे मोजायचेच असतील तर आराखडा देण्याआधी माती, निचरा, ऊन आणि मापं विचारणाऱ्या सेवेलाच द्या. निचऱ्याचं उत्तर तयार ठेवा: ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती सेंमी उतरतं ते मोजा. २.५ सेंमीपेक्षा कमी उतरलं तर वाफे उंच हवेत, आणि हे आराखड्यात आधीच आलं पाहिजे.