गिअर बदलताना येणारा आवाज आणि न बदललेला टर्बो

टर्बो पेट्रोल गाडीचा गिअर बदलताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, म्हणजे टर्बो गेला, असे सांगून कुर्ल्यातील एका गॅरेजने माझ्या थोरल्या भावाकडून ४२ हजार रुपये उकळले. हीच थाप आणखी कोणाला मारली जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

मुळात हा आवाज बिघाडाचा नसतो. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि हवा दाबून इंजिनाकडे ढकलतो. गिअर बदलण्यासाठी एक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटतो, पण टर्बो लगेच थांबत नाही, आणि मधल्या पाइपात कोंडलेल्या हवेला वाट द्यावी लागते. कंपनीने बसवलेला व्हॉल्व्ह ही हवा सहसा टर्बोच्या अलीकडच्या, एअर फिल्टरकडच्या पाइपात परत सोडतो, म्हणून आवाज दबका राहतो. तीच हवा थेट बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, तर आवाज मोठा होतो. व्हॉल्व्ह उघडलाच नाही, तर हवा टर्बोच्या पात्यांतून उलटी येऊन फडफड ऐकू येते. ती मात्र तपासून घ्यावी.

दादाच्या गाडीत हा आवाज अचानक वाढला, त्याचे कारण त्याच गॅरेजने आधी बसवलेला उघडा एअर फिल्टर हे होते. मूळ फिल्टरच्या बंद डब्यात दबणारा आवाज आता सरळ बाहेर येत होता. हे गॅरेजवाल्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्याने पुरावा म्हणून ‘खराब’ टर्बोचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यावरील पट्टीचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने गाडी उघडली, तेव्हा ‘नव्या’ टर्बोवरही तोच क्रमांक निघाला. जुना पार्ट मागितला, तर तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. बिलावर फक्त ‘टर्बो काम’ असे लिहिलेले होते.

टर्बो खरोखर खराब झाला असेल, तर बहुधा एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो, इंजिन ऑइल कमी होत जाते, गाडी ओढत नाही, किंवा वेग घेताना सायरनसारखा आवाज चढत जातो. वेग घेतानाच फुसफुस येत असेल, तर आधी पाइप आणि क्लॅम्प तपासायला सांगावे, कारण तिथली गळती फार कमी खर्चात दुरुस्त होते. काम करण्यापूर्वी टर्बोच्या क्रमांकाचा फोटो स्वतः काढावा, काढलेला पार्ट ताब्यात घ्यावा आणि नव्या पार्टचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. गॅरेजने पैसे परत केले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. तिथे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.